केवड्याची जागा

दर गुरुवारी भरतीआधी मी होडी काढायचो,
किविंदानीच्या खाडीतून केवडा आणायला.
आमच्यात त्याला म्काडी म्हणतात.
पण नाव घ्यायची पाळी यायचीच नाही,
वारा पडला की तोच आधी हाक मारायचा.

कोयता, गोणपाट, आणि बहिणीची ताकीद:
"कणीस घे, शेंडा सोड.
आणि मुक्यानं कापू नकोस."
मी झाडाला सलाम करून कापायचो.
करताना कोणी बघत नाही ना, तेही बघायचो.

माझी बहीण म्वानाशेख किकुबे बांधते.
किकुबा म्हणजे मुठीत मावणारी बाग:
अस्मिनीच्या कळ्या, रेहानीचा तुरा,
लांगीलांगीच्या पिवळ्या लोंबत्या पाकळ्या,
आणि सगळ्यांना कवेत घेणारी केवड्याची पात.
वरून केळीच्या सोपाची गाठ.
नवरी तो छातीशी टाचते.
सुकला तरी फेकत नाहीत, कपड्यांच्या पेटीत टाकतात.
आमच्या गल्लीतली कुठलीही पेटी उघडा,
लग्नाला किती वर्षं झाली ते नाकाला कळतं.

मग खाडीला कुंपण आलं.
फाटकावर सलीमूचा मुलगा, मीच पोहायला शिकवलेला,
मान खाली घालून म्हणाला,
"मामा, आत पाहुणे आहेत."
आत केवडा नव्हता.
खोल्यांतून समुद्र दिसावा म्हणून
बुंधेसुद्धा जाळले होते.

त्या आठवड्यात झुएनाचं लग्न.
म्वानाशेखनं किकुबा बांधला
आणि बोटभर जागा मोकळी ठेवली.
मी म्हटलं, दुसरं काही भर,
नाहीतर बाटलीतलं अत्तर शिंपड.
"दात पडला," ती म्हणाली,
"म्हणून कोणी खडा बसवतं का?"
मांडवात बायका हुंगत राहिल्या,
एकमेकींकडे बघत राहिल्या.
डोळे गेलेल्या बी मयासानं किकुबा नाकाशी नेला
आणि हळूच विचारलं, "कोण गेलं?"

त्यानंतर मी ओहोटीची रेघ धुंडाळू लागलो.
केवड्याचं फळ पाण्यावर तरंगतं,
कुठून कुठे जातं त्याचं त्यालाच ठाऊक.
शेवाळात, फुटक्या चपलांत,
पाचरीसारखे अकरा तुकडे सापडले, दोन महिन्यांत.
मशिदीमागे, वजूचं पाणी वाहतं तिथे लावले.
तीन शेळ्यांनी खाल्ले, एक खेकड्यानं उकरला.
उरलेल्या सातांसाठी मुलांना सांगितलं
की इथे जिन राहतो.
कंत्राटदारालाही तेच सांगितलं.
त्यानं माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला.

केवड्यात सुवास नराचा, फळ मादीचं.
आणि फुलेपर्यंत झाड काही सांगत नाही.
सहा वर्षं आम्ही सात मुक्यांना पाणी घातलं.

यंदा पहिलं फुललं.
मी पहाटे उठून नाक लावलं:
ओल्या भिंतीचा वास. फक्त भिंतीचा.
हिरवं डोकं, मादीचं.
सहा वर्षांचा राग हातात आला, हातात कोयता होताच.
म्वानाशेखनं मनगट धरलं.
"तुझ्या आईला वास होता का रे?
घामाचा होता. आणि आपण सात जण झालो."

बाकी सहा अजून बोलले नाहीत.

तिच्याकडे शिकायला येणाऱ्या मुली
बोटभर जागा सोडूनच बांधतात,
त्यांना वाटतं, किकुबा असाच असतो.
काल त्यांतल्या सगळ्यात लहान रायानं विचारलं,
"इथे काय असतं?"
म्वानाशेखनं कळ्या खाली ठेवल्या,
रायाचं बोट धरून त्या फटीत ठेवलं
आणि वरून दोरा गुंडाळला.
मग गाठ सुटेना.
दोघी किती वेळ हसत होत्या.